७६ दिवसांचा सब्र

आमच्याकडे कुणाचं मूल गेलं, कुणाची आखातातली नोकरी सुटली, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की भेटायला आलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'सब्र'. शब्द मोठा आहे. कुरआनात तो पुन्हा पुन्हा येतो. पण वर्गात उर्दू शिकवताना मी मुलांना त्याचा अर्थ विचारते, तेव्हा बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर येतात. "टीचर, सब्र मतलब चुप बैठना."

मुलांचा दोष नाही. त्यांनी हा शब्द जिथे जिथे ऐकला, तिथे तो कुणाला तरी गप्प करण्यासाठीच वापरलेला होता.

अरबीत या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणं, बांधून ठेवणं हा अर्थ आहे. कोरफडीच्या रसापासून केलेलं अतिशय कडू औषध युनानी हकीम 'मुसब्बर' नावाने ओळखतात, तेही याच घराण्यातलं. म्हणजे शब्दात कडू घोट आहे, आणि सुटू पाहणाऱ्या स्वतःला धरून ठेवणं आहे. गप्प बसणं त्यात कुठून आलं, हे मला शब्दकोशात सापडलेलं नाही.

हा अर्थ मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो एका अमेरिकन खलाशाच्या हकिकतीत. त्याचं नाव स्टीव्हन कॅलहॅन. त्याला ओढून आपल्या चौकटीत बसवायचा माझा इरादा नाही. तो सब्र हा शब्द वापरत नाही, त्याला तो ठाऊक असण्याचं कारणही नाही. 'अड्रिफ्ट' हे त्याचं पुस्तक १९८६ साली निघालं. ते माझ्या हाती आलं २०२२ मध्ये, भाच्याने पुण्याहून पाठवलं म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही चिपळूणच्या पुरातून बाहेर पडलो होतो, त्यामुळे रात्री घरात शिरणाऱ्या पाण्याबद्दल मी जरा वेगळ्या नजरेने वाचत होते.

कॅलहॅन होड्यांचे आराखडे करणारा माणूस. 'नेपोलियन सोलो' ही त्याची शिडाची होडी त्याने स्वतःच आखली आणि बांधली होती. लांबी साधारण साडेसहा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन लहान खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढी होईल तेवढी. तेच त्याचं घर. झोपणं, स्वयंपाक, नकाशे, पुस्तकं, सगळं त्यातच. त्याच होडीतून तो अमेरिकेहून अटलांटिक ओलांडून इंग्लंडला आला, १९८१ च्या एका शर्यतीत उतरला, होडीला मार बसल्यामुळे स्पेनमध्ये शर्यत सोडली, दुरुस्ती करून पोर्तुगालच्या किनाऱ्याने मदेराला आणि तिथून कॅनरी बेटांवर पोचला. ही बेटं स्पेनची, पण नकाशात मोरोक्कोच्या डाव्या अंगाला दिसतात. २९ जानेवारी १९८२ ला त्यातल्या एल हिएरो बेटावरून तो एकटाच कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटाकडे निघाला.

सातव्या रात्री वारा वाढला. समुद्र खवळलेला होता, पण अशा रात्री त्याने आधी पाहिलेल्या होत्या. तो खाली आपल्या बिछान्यावर पडला होता. अचानक प्रचंड धडक बसली आणि पाणी आत घुसलं. कशाची धडक ते त्याला दिसलं नाही. देवमासा असावा, असा त्याचा अंदाज. बघता बघता केबिन पाण्याने भरली.

होडी लगेच बुडाली नाही, याचं कारण त्याने ती बांधताना करून ठेवलं होतं. तिच्यात पाणी शिरू न देणारे बंद कप्पे होते. त्यामुळे ती अर्धवट बुडालेल्या अवस्थेत, लाटांखाली जात-येत, तरंगत राहिली. तेवढ्या अवधीत त्याने हवा भरून फुगणारा रबरी तराफा पाण्यात सोडला आणि त्यात उडी घेतली. तिथेच बसून राहिला असता तर दोन-चार दिवसांत सगळं संपलं असतं. पण तराफा होडीला बांधलेला असतानाच तो पुन्हा होडीवर चढला, काळोखात पाण्याने भरलेल्या केबिनमध्ये बुडी मारली, आणि आणीबाणीसाठी भरून ठेवलेली पिशवी बाहेर काढली. तीत थोडं खाणं, नकाशे, मासे मारायची भाल्याची छोटी बंदूक, टॉर्च, मदतीसाठी पेटवायच्या मशाली आणि खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारी उपकरणं होती. शिवाय गादीचा एक तुकडा आणि झोपायची पिशवीही त्याने मिळवली. पहाटेच्या आधी एक मोठी लाट आली आणि तराफा होडीपासून सुटला. होडी काळोखात दिसेनाशी झाली.

या ठिकाणी मी पुस्तक खाली ठेवलं होतं, कारण मला आमची बॅग आठवली.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. दिवसभर पाऊस, कोरोनाची बंधनं, नमाज घरातच. कुर्बानीचे वाटे करून काही पोचवले होते, काही दुसऱ्या दिवशी द्यायचे म्हणून फ्रीजमध्ये ठेवले होते. रात्रभर पाऊस थांबला नाही आणि २२ च्या पहाटेच्या काळोखात वाशिष्ठीचं पाणी आमच्या मोहल्ल्यात आलं. वीज गेलेली. आधी मोरीतून बुडबुडे, मग उंबऱ्यावरून, मग एकदम पिंढरीपर्यंत. माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, सारंग म्हणून निवृत्त झाले. त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते, "बॅग घे. बाकी काही हात लावू नको."

ही बॅग म्हणजे जाड रेक्झिनची काळी पिशवी, जिन्याच्या खिळ्याला कायम टांगलेली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले घराचे कागद, रेशन कार्ड, आधार, पासपोर्ट, सासूबाईंची रक्तदाबाची औषधं, टॉर्च, काडेपेटी, ग्लुकोजची बिस्किटं, शिटी, नायलॉनची दोरी. दर रमजानच्या आधी बाबा ती उघडून औषधांच्या तारखा बघत, बिस्किटं बदलत. घरातली मुलं विचारायची, "दादा, जहाज कधी सुटणार?" आणि ते म्हणायचे, "सुटेल तेव्हा सांगणार नाही." त्या दिवशी फ्रीज स्वयंपाकघरात आडवा होऊन तरंगत होता आणि आम्ही वरच्या माळ्यावर त्या बॅगेभोवती बसलो होतो.

उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर तवक्कुल कर, या आशयाची हदीस आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. तिच्यातला पहिला अर्धा भाग मात्र जहाजावर काम केलेली माणसंच नीट पाळताना मी पाहिली आहेत. सब्राची सुरुवात संकटाच्या रात्री होत नाही. ती खिळ्याला टांगलेल्या पिशवीपासून होते, होडी बांधताना केलेल्या बंद कप्प्यांपासून होते.

कॅलहॅनचा तराफा सहा माणसांसाठीचा म्हणत, पण व्यास जेमतेम सहा फूट. वर कापडाचं छत, खाली रबराचा पातळ तळ, आणि त्याखाली अथांग समुद्र. हजरत युनूस अलैहिस्सलाम यांनी तिहेरी काळोखातून दुआ केली असं मुफस्सिर सांगतात. रात्रीचा काळोख, समुद्राचा काळोख आणि माशाच्या पोटातला काळोख. आपल्या बयानांमध्ये गोष्ट इथे येऊन थांबते, दुआ कबूल होते, मासा त्यांना किनाऱ्यावर सोडतो. पैगंबरांची गोष्ट पैगंबरांची. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला मात्र त्या रात्रीनंतर दुसरा दिवस येतो, मग तिसरा, मग दहावा. सब्राची खरी परीक्षा तिथे असते, आणि तिच्यात रोजची कामं असतात.

पहिलं काम पाण्याचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. एवढं मीठ शरीराबाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी लागतं. म्हणून समुद्राचं पाणी पिणारा माणूस तहानेने अधिक लवकर मरतो. कॅलहॅनजवळची उपकरणं म्हणजे प्लास्टिकचे फुगे. आत काळं कापड, त्यावर समुद्राचं पाणी थेंबथेंब सोडायचं. उन्हाने वाफ होते, मीठ कापडातच राहतं, वाफ फुग्याच्या आतल्या अंगाला लागून पाणी होते आणि ओघळून खाली साठते. सांगायला सोपं आहे. उपकरणं धड चालायला त्याला किती खटपट करावी लागली ते पुस्तकातच वाचावं. त्यांतून आणि पावसाच्या पाण्यातून मिळून त्याला दिवसाला सरासरी अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी मिळालं. आपण वुजूला नळ सोडून ठेवतो तेव्हा एवढं पाणी हात धुण्यातच जातं.

वुजूवरून एक हदीस सांगायला हवी. एका माणसाने रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना विचारलं होतं की, आम्ही समुद्रावर जातो, सोबत थोडंच गोडं पाणी नेतो, त्याने वुजू केला तर तहानेने मरू, मग समुद्राच्या पाण्याने वुजू चालेल का? उत्तर मिळालं की ते पाणी पाक करणारं आहे, आणि समुद्रातलं मेलेलंही हलाल आहे. फिकहच्या पुस्तकात हा वुजूचा मसला म्हणून येतो. मला त्यात तहानलेल्या खलाशाची काळजी दिसते. प्रश्न विचारणाऱ्याला 'सब्र कर' म्हणून परत पाठवलेलं नाही. प्यायचं पाणी प्यायला ठेव, आणि खायला काय चालेल तेही, न विचारता, सांगून टाकलं आहे.

दुसरं काम अन्नाचं. तराफ्याच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटले, त्यांच्या मागे छोटे मासे आले, त्यांच्यापाठोपाठ माही-माही नावाचे निळे-सोनेरी मोठे मासे. एक अख्खी वस्तीच त्याच्यासोबत पश्चिमेकडे सरकत राहिली. तो भाल्याने मासे मारायचा, पट्ट्या कापून दोरीवर वाळवायचा आणि पुढच्या दिवसांसाठी साठवायचा. तिसरं काम दिशेचं. तीन पेन्सिली बांधून त्याने ताऱ्याची उंची मोजायचं साधन केलं, आपण कुठल्या अक्षांशावर आहोत याचा अंदाज ठेवला. रोज थोडा व्यायाम, रोज नोंदी, रोज तराफ्याची तपासणी. मदत येईल या भरवशावर बसायचं नाही, हे त्याने सुरुवातीलाच ठरवलं होतं.

चाळिसाव्या दिवसानंतर सगळ्यात वाईट वेळ आली. एका माशाच्या अंगात रुतलेल्या तुटक्या भाल्याने तराफ्याची खालची नळी फाडली. हवा निघून गेली, तराफा अर्धा बसला. तो सतत पाण्यात भिजत होता, अंगावर खाऱ्या पाण्याच्या जखमा होत्या. त्याने भोकात बोळा कोंबला, वरून दोरीने आवळलं. निघालं. पुन्हा आवळलं. पुन्हा निघालं. असे सुमारे दहा दिवस गेले. मध्ये एकदा तो पूर्ण हरला, रडला, आता संपलं असं त्याला वाटलं. मग त्याने आवळायची वेगळी तऱ्हा शोधली आणि ती टिकली. सब्र करणारा माणूस रडत नाही, असं जे आपल्याकडे समजतात त्यांनी ही पानं वाचावीत. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे मुलासाठी रडून पांढरे झाले होते, आणि सुंदर सब्र हे शब्द कुरआनात त्यांच्याच तोंडी आहेत.

त्या पिशवीत आणखी एक वस्तू होती, शिक्षक म्हणून मला ती विसरता येत नाही. ते एक पुस्तक होतं. डूगल रॉबर्टसन नावाच्या माणसाची शिडाची होडी १९७२ साली गॅलापागोस बेटांजवळ ऑर्का देवमाशांच्या धडकेने बुडाली. होडीवर त्याचं कुटुंब होतं. ३८ दिवसांनी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचललं. वाचल्यावर त्याने समुद्रात जिवंत कसं राहायचं याचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, आणि दहा वर्षांनी तेच कॅलहॅनच्या तराफ्यात उघडलेलं होतं. दोघांच्या संकटांमध्ये एक अख्खा महासागर. एका माणसाने आपलं दुःख फक्त सोसलं असतं तर ते त्याच्यासोबत संपलं असतं. त्याने ते शिकवण्याजोगं करून ठेवलं. इल्म हा सदका-ए-जारिया आहे असं आपण म्हणतो, त्याचं याहून सरळ उदाहरण मी मुलांना देऊ शकलेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते. कॅलहॅनजवळ संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र होतं. त्याने ते चालू केलं. पण तेव्हा असे संदेश उपग्रह ऐकत नसत. जवळून विमान गेलं तरच कुणी ऐकणार, आणि समुद्राच्या त्या भागावरून विमानं जात नव्हती. ७६ दिवसांत त्याला नऊ जहाजं दिसली. त्याने मशाली पेटवल्या. एकही जहाज थांबलं नाही.

यावर जगाने काय केलं? समुद्रात हरवलेल्यांनी सब्र करावा असा ठराव केला नाही. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ, तेही शीतयुद्धाच्या काळात, एकत्र येऊन संकटाचे संदेश ऐकणारे उपग्रह आधीपासून तयार करत होते. पहिला उपग्रह ३० जून १९८२ ला वर गेला, कॅलहॅन किनाऱ्याला लागल्यानंतर सव्वादोन महिन्यांनी. सप्टेंबरमध्ये त्या यंत्रणेने पहिली माणसं वाचवलीसुद्धा. २०१८ मध्ये आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर मार लागला, हलताही येईना. पण ते कुठे आहेत हे जगाला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी, २४ ला, एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ७६ दिवस आणि तीन दिवस. मधल्या फरकाचं नाव यंत्रणा.

पुरानंतर दहा-बारा दिवसांनी आमच्याकडे एक बैठक झाली. घरांत गुडघाभर गाळ होता, भिंतींवर पाण्याची रेघ होती. बायका दोन प्रश्न घेऊन आल्या होत्या. भाड्याने राहणाऱ्यांचे पंचनामे कुणाच्या नावाने होणार? आणि पुढच्या वेळी रात्री पाणी वाढायला लागलं तर आम्हाला उठवणार कोण, भोंगा वाजणार की नाही? मंचावरच्या एका गृहस्थांनी हात वर करून सांगितलं, "बहनों, सब्र कीजिए. शिकवा मत कीजिए." बैठक दुआ करून संपली. दोन्ही प्रश्न तसेच राहिले.

बाहेर पडताना माझ्या शेजारची विधवा बाई, जिचं शिलाई मशीन गाळातून काढून आम्ही दोघींनी नळाखाली धुतलं होतं, मला म्हणाली, "आपा, दहा दिवस मी बसलेय कुठे? सब्रच तर करतेय." तिने रोज गाळ उपसला होता. मशीनचे सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवले होते. ओले कागद दोरीवर वाळवले होते. तलाठ्याकडे तीनदा जाऊन आली होती. कॅलहॅनच्या रोजच्या कामांची यादी आणि तिची यादी शेजारी ठेवली, तर मला दोन्हींत एकच गोष्ट दिसते. तिला सब्र शिकवायला निघालेल्या माणसाकडे मात्र त्या दिवशी तसं एकही काम नव्हतं.

सोसणाऱ्याने सब्र करावा, हे खरंच आहे. पण ज्याच्या हातात भोंगा आहे, कागद आहे, माइक आहे, त्याच्या तोंडी हा शब्द शोभत नाही. त्याचं काम ऐकण्याचं. संदेश पाठवणारा आपलं काम करतच असतो. वर कुणी ऐकणारं नसेल, तर तो दोष त्याच्या सब्राचा नाही.

कॅलहॅन २१ एप्रिल १९८२ ला वाचला. आदल्या रात्री त्याला ग्वादलूपजवळच्या मारी-गालांत बेटाचे दिवे दिसले होते. तोवर तो सुमारे ३,३०० किलोमीटर वाहत आला होता, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जेवढं अंतर साधारण तेवढं. वजन एक तृतीयांशाने घटलेलं. सकाळी बेटावरचे काही मच्छीमार मासेमारीला निघाले, तेव्हा त्यांना दूर पाण्यावर पक्षी घिरट्या घालताना दिसले. पक्षी आहेत म्हणजे खाली मासे आहेत, हा कोळ्यांचा जुना हिशेब, आपल्या दर्यावरही हाच चालतो. ते तिकडे वळले आणि माशांच्या त्या वस्तीच्या मधोमध त्यांना तराफ्यातला माणूस सापडला.

त्यांनी त्याला लगेच किनाऱ्यावर न्यायची तयारी केली. तो म्हणाला, घाई नाही, माझ्याकडे पाणी आहे, मी थांबू शकतो, इथे मासे भरपूर आहेत, तुम्ही आधी तुमचे मासे पकडा. आणि ते मासे पकडत असताना तो आपल्या तराफ्यात बसून राहिला.